झाँदार्मरीला मराठीत काय म्हणावं? (‘निमलष्करी दल’ तर नक्कीच नाही)

कॅम्पातली_मुलगी

नमस्कार मंडळी. एका शब्दापाशी अडले आहे. त्या निमित्ताने बरंच काही मनात साचलं, म्हणून हा धागा.

मी फ्रेंचमधून मराठीत भाषांतरं करते. सध्याच्या मजकुरात ‘झाँदार्मरी’ (फ्रान्समधलं सैनिकी दर्जाचं, मुख्यतः खेड्यापाड्यांतलं पोलीस दल; त्यातला शिपाई तो ‘झाँदार्म’) हा शब्द पानोपानी येतो. आधी ज्यांनी हे काम केलं होतं त्यांनी सरसकट ‘निमलष्करी दल’ लिहून ठेवलंय. आता मुंबईतल्या माणसाला निमलष्करी दल म्हटलं की काय दिसणार? निवडणुकीच्या आधी शाळेच्या वर्गात मुक्कामाला आलेली सीआरपीएफची कंपनी. नाहीतर विसर्जनाच्या दिवशी लालबागला निळसर ठिपक्यांच्या गणवेशात उभे असलेले आरएएफचे जवान. आणि माझ्या मजकुरातला झाँदार्म काय करतोय? एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरची फिर्याद लिहून घेतोय. सीआरपीएफचा जवान फिर्याद लिहून घेत नाही, गावातल्या ट्रॅक्टरचा तपास त्याच्याकडे नसतो. एका शब्दाने सगळं चित्र उलटं होतं.

हे मला इतकं लागायचं कारण सांगते. माझे बाबा एसआरपीत होते. गोरेगाव पूर्वेच्या गट क्रमांक 8 च्या कॅम्पात मी लहानाची मोठी झाले. कंपनी निघायची तेव्हा ट्रंका, वळकट्या, स्वयंपाकाची भांडी सगळं गाडीत चढायचं आणि आम्ही मुलं गेटपर्यंत धावत जायचो. कुठे जाणार, किती दिवस, हे बाबांनाही नीट माहीत नसायचं. पुढे मी फ्रान्समधल्या एका छोट्या गावातल्या शाळेत सात महिने सहायक शिक्षिका होते. माझ्या खोलीच्या समोरच तिथल्या झाँदार्मांचं ठाणं, त्यांच्या भाषेत ब्रिगेड, होतं. म्हणजे खाली कचेरी, वर आणि मागे राहायची घरं, दोरीवर वाळत घातलेले मुलांचे कपडे. पहिल्याच आठवड्यात मनात आलं, अरे, ही तर पोलीस लाईन! पण दोन महिन्यांत कळलं की लाईन आहे, हद्दही त्यांचीच आहे, आणि ही माणसं कुठे जात नाहीत. बेकरीवाल्याला माहीत असतं कोणता झाँदार्म कुठला पाव घेतो.

थोडक्यात रचना सांगते, म्हणजे शब्द सुचवायला सोपं जाईल.

झाँदार्म म्हणजे मुळात ‘शस्त्रधारी माणसं’. राजेशाहीच्या काळात फ्रान्सच्या रस्त्यांवर आणि खेड्यांत ‘मारेशोसे’ नावाचं घोडेस्वार दल दरोडेखोरांचा आणि सैन्यातून पळालेल्या शिपायांचा बंदोबस्त करायचं. 1720 मध्ये त्याच्या छोट्या छोट्या ब्रिगेडी करून त्या देशभर वसवल्या. राज्यक्रांतीत, 1791 साली, याच दलाचं नाव झाँदार्मरी नासियोनाल झालं. राजा गेला, पण ब्रिगेडी तशाच राहिल्या. आज या दलात साधारण एक लाख माणसं आहेत, शिवाय हजारो राखीव. फ्रान्सच्या जवळजवळ 95 टक्के भूभागावर आणि निम्म्या लोकसंख्येवर हद्द यांची. उरलेली शहरं पोलीस नासियोनालकडे, म्हणजे नागरी पोलिसांकडे.

यांचा दर्जा सैनिकाचा. पदांची नावंसुद्धा जुन्या घोडदळातली. ‘मारेशाल दे लोजी’ या पदाचा शब्दशः अर्थ होतो मुक्कामाची सोय बघणारा. पण 2009 पासून दल गृहमंत्र्यांच्या हाताखाली आहे. लष्करी कामापुरता संरक्षण मंत्रालयाशी संबंध. आणि गुन्ह्याच्या तपासात ते सरकारी वकिलाच्या किंवा तपास न्यायाधीशाच्या देखरेखीखाली चालतात. तीन ठिकाणी बांधलेलं दल आहे हे, आणि माझ्या मते त्याची खरी ओळख इथेच आहे.

आतली विभागणी अशी: गावोगावच्या ब्रिगेडी, त्यांच्यावर कंपनी, तिच्यावर जिल्ह्याचा ‘ग्रुपमाँ’, त्यावर प्रादेशिक कमान. ही झाली ‘देपार्तमाँताल’ शाखा, दलाचा कणा. हजारांनी ब्रिगेडी आहेत, काहींत जेमतेम सहा-सात माणसं. दुसरी शाखा ‘मोबील’, म्हणजे फिरती. शंभराहून अधिक स्क्वाड्रन, प्रत्येकात साधारण शंभर-एकशेदहा जण, काम दंगल आणि मोर्चे. ही 1921 मध्ये उभी राहिली. एसआरपी आणि सीआरपीएफची सख्खी बहीण शोभेल ती ही शाखा, आणि बाहेरच्या जगाला टीव्हीवर दिसते तीच. याशिवाय पॅरिसची रिपब्लिकन गार्ड, शामोनीला पर्वतातून माणसं सोडवणारं पथक, किनाऱ्यावरची शाखा, फॉरेन्सिक प्रयोगशाळा, आणि 1974 पासून कार्यरत असलेलं जीआयजीएन हे कमांडो पथक.

तर मंडळी, याला मराठीत काय म्हणाल? ‘सैनिकी पोलीस’ म्हटलं की फौजेतले लाल टोपीवाले एमपी वाटतात.

गिरगावकर

छान धागा. मला वाटायचं झाँदार्म म्हणजे तिकडचा साधा हवालदार. शहरात पोलीस आणि गावात झाँदार्म, तर मग मधल्या हद्दीचं काय? आपल्याकडे तर एकाच शहरात दोन ठाण्यांच्या मध्ये माणूस अडकतो. माझा मोबाईल एका पुलावर हिसकावला. पुलाचं एक टोक एका ठाण्यात, दुसरं दुसऱ्यात. दोन्हीकडून ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि बरोबर आई होती.

वकीलबाई

गिरगावकर, यापुढे असं झालं तर ऐकून परत फिरू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हे आता स्पष्ट लिहिलं आहे: दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, घटना कुठेही घडलेली असो. ज्याला आपण झिरो एफआयआर म्हणतो तेच. गुन्हा नोंदवायचा आणि मग ज्याची हद्द त्याच्याकडे पाठवायचा, हे काम ठाण्याचं आहे, तुमचं नाही. फ्रान्सच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हेच बंधन आहे. पीडित माणूस पोलिसांकडे जावो की झाँदार्मकडे, तक्रार घ्यावीच लागते.

आता मूळ विषयाकडे. आपल्याकडे फ्रेंच अर्थाची राष्ट्रीय झाँदार्मरी होऊच शकत नाही, कारण राज्यघटनेत ‘पोलीस’ हा विषय राज्यसूचीत आहे, दुसरी नोंद. केंद्राची सशस्त्र दलं राज्यात येतात ती नागरी प्रशासनाच्या मदतीला. त्यासाठीची 2क ही नोंद संघसूचीत आली 42व्या घटनादुरुस्तीने, 1976 मध्ये. म्हणून सीआरपीएफने बंदोबस्तात कोणाला पकडलं तर त्याला स्थानिक ठाण्याच्या ताब्यात द्यावं लागतं. डायरी ठाण्याची, तपास ठाण्याचा, आरोपपत्रही ठाण्याचं. फ्रान्स एकसंध राज्य आहे, त्यामुळे एकच दल पॅरिसहून चालतं आणि खेड्यातला तपासही करतं.

एका ठिकाणी मात्र दोन्ही देश अगदी जवळ येतात. तिकडे जमावावर बळ वापरण्याआधी नागरी अधिकारी तिरंगी पट्टा घालून पुढे येतो आणि भोंग्यावरून इशारे देतो. आपल्याकडे जमाव पांगवायचा आदेश कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा ठाणेप्रमुखाने द्यायचा असतो. तालुक्याच्या गावी तहसीलदारसाहेबांना मोर्चात उभं राहावं लागतं ते त्यामुळेच. मुंबईत आयुक्तालय असल्याने दंडाधिकाऱ्याचे बरेच अधिकार पोलिसांकडेच आहेत. हा फरक लहान नाही.

सह्यकडा

‘ग्रामरक्षक’? ‘देहाती पोलीस’?

कॅम्पातली_मुलगी

@वकीलबाई, खूप आभार. ‘डायरी ठाण्याची’ हे तुम्ही नेमकं पकडलंत. झाँदार्मच्या हातात डायरीही आहे आणि ढालही.

@सह्यकडा, ग्रामरक्षक म्हटलं की ग्रामरक्षक दल आठवतं, रात्री काठ्या घेऊन गस्त घालणारी गावातली पोरं. ती सरकारी नोकर नसतात.

सह्यकडा

बरोबर. पण मुद्दा सोडत नाही. गावाची खबर असणारा माणूस आपल्याकडे कोण, तर पोलीस पाटील. आमचं गाव जुन्नर तालुक्यात. आजोबा पोलीस पाटील होते. कोणाच्या बांधावरून भांडण पेटणार, कोणाचा जावई पिऊन येतो, कोणती पोरगी आठ दिवस शाळेत दिसली नाही, हे सगळं त्यांना ठाण्याच्या आधी ठाऊक. 1967 चा महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम याच पदासाठी आहे. अर्थात पाटील मानधनावरचा, हातात शस्त्र नाही, तपासाचा अधिकार नाही. ब्रिगेडची जी बाजू ताईंना आवडली ती आपल्याकडे पाटलाकडे राहिली, तपास ठाण्याकडे गेला, आणि बळ राखीव दलाकडे. एकाचं काम तिघांत वाटलंय.

निवृत्त_अंमलदार

मी एरवी वाचतो फक्त. आज लिहितो.

तिघांत वाटलंय हे खरं, पण महाराष्ट्रात एक जागा अशी आहे जिथे ते पुन्हा एकत्र आलंय, आणि ती मी पाहिली आहे. गडचिरोली. तिथे सशस्त्र दूरक्षेत्र म्हणजे जंगलाच्या मध्यात तारेच्या कुंपणातलं, वाळूच्या पोत्यांचं ठाणं. जिल्हा पोलीस, एसआरपीची तुकडी आणि केंद्राचे जवान तिथे एकत्र राहतात. तुमच्या फ्रेंच ब्रिगेडसारखे घरचे लोक बरोबर नसतात, ते शक्यच नव्हतं. पण लोक दारात येतात. कोणाला जातीचा दाखला हवा, कोणाला आधार कार्ड, कोणाची बाई अडलेली असते. 2021 पासून याला ‘दादालोरा खिडकी’ असं रीतसर नाव मिळालं. आम्ही आधीपासून जमेल तसं करत होतोच.

आणखी एक. 1990 मध्ये तिथे सी-60 हे नक्षलविरोधी कमांडो पथक उभं राहिलं ते स्थानिक मुलांमधून. भाषा त्यांची, वाटा त्यांच्या. बाहेरून आलेल्या शंभर जणांना जे दिसत नाही ते त्या साठांना दिसत होतं. म्हणून ताईंचा मुद्दा मला पटतो. हद्दीत राहणारा माणूस आणि हद्दीत आणलेला माणूस यांत फार अंतर आहे. पुढे मुंबईत बदली झाली तेव्हा 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या बंदोबस्तात मी उलट्या बाजूला होतो. आमच्या मदतीला आलेल्या कंपनीला शिवाजी पार्कच्या गल्ल्या मी दाखवत होतो.

दहिवर

धागा वाचून जरा काळजी वाटली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सैनिकाला पोलिसाचं काम देण्यात धोका असतो आणि युरोपाने तो भोगलाय.

स्पेनची गार्दिआ सिव्हिल 1844 ची, तीही अशीच, खेड्यात ‘घर-बराक’ करून राहणारी. शंभर वर्षं आंदालुसियातल्या शेतमजुराला गार्दिआची ती तिकोनी टोपी दिसली की घाम फुटायचा, कारण ती जमीनदाराच्या बाजूनेच यायची. आणि 23 फेब्रुवारी 1981 ला याच दलाचा लेफ्टनंट कर्नल तेहेरो सुमारे 200 जणांना घेऊन संसदेत घुसला. छताला गोळ्या मारल्या आणि खासदारांना रात्रभर ओलीस धरलं. गावचा शांत पोलीस म्हणता, त्याच्या दंडातली शिस्त कोणाच्या शब्दावर चालते ते कधी ना कधी दिसतंच.

बेल्जियमने तर दलच मोडलं. मुलींचं अपहरण करणाऱ्या मार्क दुत्रूच्या प्रकरणात मुली बेपत्ता होत्या, झाँदार्मरीकडे संशयिताबद्दल माहिती होती, पण ती तपास न्यायाधीशापर्यंत नीट पोचली नाही. तीन पोलीस दलं एकमेकांपासून लपवत बसली आणि मुली मेल्या. लोक लाखांनी रस्त्यावर आले. 1 जानेवारी 2001 पासून तिथे झाँदार्मरी नाही, एकच एकात्म पोलीस. ऑस्ट्रियाने 2005 मध्ये तेच केलं, ग्रीसने त्याआधीच, 1984 मध्ये.

आणि फ्रान्सच्या बेकरीसमोर सगळं गोड असेलही. पण सिवाँच्या धरणाविरुद्धच्या आंदोलनात ऑक्टोबर 2014 मध्ये रेमी फ्रेस हा 21 वर्षांचा मुलगा मेला तो झाँदार्मने टाकलेल्या ग्रेनेडने. वनस्पतींचा अभ्यास करणारा मुलगा होता.

पूर्वेचा_वारा

दहिवर यांच्याशी सहमत. सैनिक शत्रूकडे बघायला शिकतो, पोलीस नागरिकाकडे.

कॅम्पातली_मुलगी

दहिवर, तुम्ही लिहिलेलं एकही वाक्य मला खोडायचं नाही. रेमी फ्रेसच्या प्रकरणाबद्दल मी तिथे असताना लोक अजून बोलत होते. तो ग्रेनेड ज्या प्रकारचा होता तो प्रकार नंतर वापरातून काढला. पण एक बघा, ग्रेनेड टाकणारे मोबील शाखेचे होते, दुसरीकडून आणलेले. म्हणजे बाहेरून आणलेल्या कंपनीचा धोका तिकडेही तोच आहे जो आपल्याकडे आहे.

सैनिक शत्रूकडे बघतो, हे मात्र मला अर्धंच पटतं. मार्च 2018 मध्ये त्रेब नावाच्या छोट्या गावात सुपरमार्केटमध्ये हल्लेखोराने एका बाईला ओलीस धरलं होतं. लेफ्टनंट कर्नल आर्नो बेल्त्राम शस्त्र ठेवून तिच्या जागी आत गेला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे गिरगाव चौपाटी आली. तुकाराम ओंबळे हातात लाठी घेऊन रायफलसमोर गेले, ते साधे नागरी पोलीस होते. एक सैनिकी दर्जाचा, एक मुंबई पोलिसातला. माणूस नागरिकासाठी उभा राहतो की नाही हे त्याच्या नेमणुकीच्या कागदावरून ठरत नाही, असं मला मनापासून वाटतं.

बेल्जियमबद्दल: तिथे दोष सैनिकी असण्याचा कमी आणि एकाच हद्दीत तीन मालक असण्याचा जास्त होता. फ्रान्सने हद्द वाटून घेतली म्हणून ते पुष्कळसं टळलं. आपल्या लोकलचाच विचार करा. डब्यात चोरी झाली तर लोहमार्ग पोलीस, म्हणजे राज्याचे. रेल्वेच्या मालाचं नुकसान झालं तर आरपीएफ, म्हणजे केंद्राचे. स्टेशनच्या जिन्याखाली उतरलात की शहराचं ठाणं. विमानतळावर सीआयएसएफ. आणि काही सरकारी इमारतींच्या दारात महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान, त्यांना तर अर्धी मुंबई पोलीसच समजते. प्रवाशाने गणवेश ओळखून तक्रार करायची, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

नायगावची_लाईन

मी तिसऱ्या पिढीतली पोलीस-पोर. आजोबांची खोली नायगावच्या बीडीडी चाळीत होती. एकशे साठ चौरस फूट, संडास बाहेर सामाईक. त्या चाळी इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात बांधल्या. नायगाव, वरळी, डिलाईल रोड, शिवडी. पोलिसांची किती कुटुंबं त्या खोल्यांत वाढली असतील, मोजदाद नाही.

कॅम्पातल्या ताई, तुम्हाला एक विचारायचंय. त्या ब्रिगेडवाल्यांना घर मिळतं ते भाड्याने की फुकट? आणि निवृत्त झाल्यावर? आमच्याकडे आजोबा निवृत्त झाले त्या दिवसापासून घरात एकच विषय होता, खोली सोडायची तर जायचं कुठे. आजी त्या काळात रोज रात्री उठून बसायची.

दुसरं, संघटना करता येते का त्यांना? ऑगस्ट 1982 माझ्या घरात अजून बोललं जातं. पोलीस शिपायांच्या संघटनेची मान्यता काढली, शहर पेटलं, आणि पोलिसांनाच आवरायला बीएसएफ, सीआरपीएफ आणि लष्कर मुंबईत आलं. आजोबा सांगायचे, आमच्याच लाईनीच्या तोंडाशी बंदूक घेतलेले जवान उभे होते आणि त्यांच्या तोंडावरही आमच्यासारखाच घाम होता.

कॅम्पातली_मुलगी

ताई, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

घर फुकट मिळतं. ‘सेवेची निकड म्हणून’ दिलेलं निवासस्थान, असा त्यांचा कायद्याचा शब्दप्रयोग. बदल्यात त्या माणसाने केव्हाही उपलब्ध असायचं. दारावरची घंटा रात्री तीनला वाजली तरी खाली उतरायचं. म्हणजे घर ही मेहेरबानी नाही, तो करार आहे. निवृत्तीनंतर मात्र तिथेही सोडावंच लागतं. समोरच्या ब्रिगेडप्रमुखाची बायको मला म्हणाली होती की वीस वर्षांत सात घरं बदलली आणि भिंतीला खिळा ठोकताना अजून हात थांबतो.

केव्हाही उपलब्ध, याचा अतिरेक व्हायचा. 2016 पासून त्यांना दोन ड्युट्यांमध्ये सलग 11 तासांची विश्रांती द्यायचा नियम आला. आणि बघा, त्याच 2016 साली मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, आणि तोही एका शिपायाने स्वतः मांडलेल्या आराखड्यावरून. माझ्या दृष्टीने ही गेल्या काही वर्षांतली मुंबई पोलिसांतली सर्वांत मोठी गोष्ट आहे. शस्त्रं घेतली, बोटी घेतल्या, हे सगळं छापून येतं. झोपेबद्दल कोणी छापत नाही.

संघटनेचं: सैनिक असल्याने युनियन नाही, संप नाही. डिसेंबर 2001 मध्ये झाँदार्म गणवेशातच, सरकारी गाड्या घेऊन रस्त्यावर उतरले. सैनिकाने असं करणं कोणाच्या कल्पनेतही नव्हतं. सरकार नमलं, साधनं आणि पैसा वाढला. मग 2 ऑक्टोबर 2014 ला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की सैनिकांना संघटना करायला सरसकट बंदी घालता येणार नाही. 2015 मध्ये फ्रान्सने कायदा करून सैनिकांच्या व्यावसायिक संघटनांना वाट दिली. संपाचा हक्क अजून नाही. तक्रार मांडायला दार उघडलं, इतकंच. आपल्याकडे 1966 चा कायदा पोलिसांच्या संघटनेवर बंधनं घालतो आणि 1982 नंतर त्या विषयाला कोणी हात लावलेला मी तरी पाहिला नाही.

वकीलबाई

1966 च्या कायद्यात पूर्ण बंदी नाही, सरकारच्या परवानगीशिवाय बंदी आहे. पण व्यवहारात तुम्ही म्हणता तेच.

दगडी_वाडा

इटलीचे काराबिनिएरी कोणी आणलेच नाहीत! 1814 मध्ये तुरिनला स्थापन, 2000 साली सैन्याची स्वतंत्र चौथी शाखा झाली. आणि 2017 पासून त्यांचं वनखातंसुद्धा यांच्यातच. मला त्यांचं वेड लागलं ते 1969 च्या एका पथकामुळे. चोरीला गेलेल्या कलावस्तू शोधणं एवढंच त्याचं काम. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970 चा, म्हणजे हे पथक त्याच्याही आधीचं. मी मूर्तींच्या जतनाचं काम करतो. आमच्याकडे कोकणातल्या देवळातून मूर्ती गेली की गुरव ठाण्यात जातो, ठाण्यात मूर्तीचं वर्णन ‘दगडी, उंची अंदाजे दोन फूट’ एवढंच लिहिलं जातं आणि तिथेच ती मूर्ती कायमची हरवते. गावागावात ठाणं असलेलं दल आणि त्यातच कलेचा जाणकार तपासी अधिकारी, ही जोडी मला फार मोलाची वाटते. त्यांच्या स्टेशनचा प्रमुख ‘मारेशाल्लो’ असतो, बहुतेक वेळा अधिकारी वर्गाच्या खालचा. गावात त्याचा शब्द चालतो.

पूर्वेचा_वारा

आपल्या पोलिसांचा उगमही तसा सैनिकीच नाही का? आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या आयर्लंडमधल्या सशस्त्र पोलीस दलाच्या धर्तीवर चार्ल्स नेपियर या इंग्रज सेनापतीने 1843 मध्ये सिंधमध्ये पोलीस उभे केले. सिंध पुढे मुंबई इलाख्यात आला आणि तो नमुना इकडे झिरपला. मग 1861 चा पोलीस कायदा. बराकीत राहणारा, शस्त्रधारी, वरून हुकूम येणारा शिपाई. म्हणजे झाँदार्मरी आपण घेतली, फक्त गावात राहणारी बाजू वगळून.

कॅम्पातली_मुलगी

वगळून, अगदी. आणि ज्याच्या घरी यायचं त्याच्याबद्दल काही माहीत नसलेला शिपाई मागे राहिला. माझ्या बाबांच्या गटाची मुळं 1948 मधली. पुरंदरच्या पायथ्याशी दल उभं राहिलं, 1951 मध्ये त्याचा कायदा झाला. राखीव, हे नावातच आहे. गरज पडेल तिकडे. बाबांनी अर्धा महाराष्ट्र पाहिला, पण मुक्कामाच्या शाळा आणि मंगल कार्यालयांच्या खिडकीतून.

गिरगावकर

बायका आहेत का दलात?

कॅम्पातली_मुलगी

आहेत, आणि नुसत्या कार्यालयात नाहीत. माझ्या समोरच्या ब्रिगेडमध्ये दोघी होत्या, एक रात्रीच्या गस्तीच्या गाडीवर. आपल्याकडेही विसरू नका, सीआरपीएफची 88 वी महिला बटालियन 1986 ची आहे. आणि 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लायबेरियातल्या मोहिमेवर गेलेलं पहिलं संपूर्ण महिलांचं पोलीस पथक भारताचंच होतं. झाँदार्मरीसारखी दलं अशा मोहिमांत फार लागतात, कारण युद्ध थांबलेलं असतं आणि साधी पोलीस यंत्रणा अजून उभी नसते.

सह्यकडा

शब्दाचं काय ठरलं मग?

कॅम्पातली_मुलगी

काल बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. दोन तास लागले, मध्येमध्ये थांबवून विचारत होते. 1982 चं आलं तेव्हा उठून पाणी प्यायले आणि परत येऊन म्हणाले, पुढे वाच.

मग म्हणाले, तुझ्या लिहिण्यात एक चूक आहे. तू लिहिलंस की आम्हाला गाव माहीत नसतं. आम्हाला माहीत करून घ्यावं लागतं. कंपनी उतरली की कमांडरची पहिली मागणी जेवणाची नसते, ‘ठाण्याचा एक माणूस द्या’ अशी असते. ज्याला गल्ली माहीत आहे, मशिदीचे ट्रस्टी आणि मंडळाचे कार्यकर्ते दोघे माहीत आहेत, असा. तो माणूस चांगला मिळाला तर लाठी उचलावी लागत नाही. बाबांना अजून अशा चार-पाच हवालदारांची नावं पाठ आहेत, भिवंडीचे, मालेगावचे, मुंबईतले. स्वतःच्या समादेशकांची सगळी नाहीत.

मी विचारलं, झाँदार्मला काय म्हणू? ते म्हणाले, तुझा तो माणूस म्हणजे आमची कंपनी आणि तो ठाण्याचा माणूस, दोन्ही एकाच पगारात. त्याला आमच्यात शब्द नाही, कारण तसा माणूस नाही.

म्हणून शब्द तसाच ठेवलाय, ‘झाँदार्म’. पहिल्यांदा येतो तिथे वाक्यातच उलगडा केला: ‘गावातल्या झाँदार्मच्या, म्हणजे सैनिकी दर्जा असलेल्या आणि ठाण्याच्याच घरात राहणाऱ्या पोलिसाच्या दारावरची घंटा तिने वाजवली.’ आज सकाळी मजकूर पाठवला. संपादकांनी ‘ठाण्याच्याच’मधला ‘च’ काढायला सांगितलाय. तो मी काढणार नाहीये.